चित्र, नाट्य, संगीत शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं काम: सांगली-साताऱ्याची नोंद करूया

हरिपूरकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

महाविद्यालयांचे वार्षिक अहवाल मी आवर्जून वाचतो. विज्ञानाच्या प्राध्यापकांची शोधनिबंधांची यादी चार-पाच पानं चालते, आणि ती चालायलाच हवी. चित्रकला, संगीत, नाट्य, उपयोजित कला शिकवणाऱ्यांपाशी आलं की मात्र सगळं एका ओळीत उरकतं. 'सरांच्या चित्राची प्रदर्शनात निवड.' 'मॅडमचे गायन संपन्न.' कोणतं चित्र, कशावर काढलेलं, ते काढायला का घेतलं? मैफलीत काय मांडलं? नाटक बसवलं तर संहितेत काय बदललं आणि का? काही म्हणता काही कळत नाही.

माझं म्हणणं असं की चित्रकाराचं प्रदर्शन, दिग्दर्शकाचा प्रयोग आणि गायिकेची मैफल हे त्या प्राध्यापकाचं संशोधन आहे. फावल्या वेळचा छंद म्हणून त्याकडे बघणं मला मान्य नाही. एखादा प्रश्न डोक्यात घेऊन माणूस वर्षभर तालीम करतो, चुकतो, बदलतो, शेवटी काहीतरी सापडतं आणि ते तो लोकांसमोर ठेवतो. प्रयोगशाळेत याहून वेगळं काय घडतं?

हे सांगलीत बसून म्हणायला मला दुप्पट जोर येतो. १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं. त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ दरबारात झाले होते. भाव्यांनी ते नीट पाहिले, त्यातलं काय घ्यायचं नि काय सोडायचं ते ठरवलं, पदं स्वतः रचली, नटांना शिकवून तयार केलं. लाकडी बाहुल्या कोरण्यातही त्यांचा हात होता. पाहणं, निवडणं, रचणं, शिकवणं असं सगळं एका माणसानं केलं. आज नाट्यशास्त्राचा चांगला प्राध्यापक हेच करतो. आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो, भावे गौरव पदकाच्या सोहळ्याला गर्दी करतो. मग आपल्याच कॉलेजातले सर-मॅडम काय करतायत याची नोंद आपल्याकडे नसावी, हे मला खटकतं.

मला माहीत असलेलं एक काम सांगतो. नाव देत नाही, कारण परवानगी घेतलेली नाही. चित्रकला शिकवणारे एक सर २०१९ च्या महापुरानंतर पाण्याच्या खुणांवर काम करतायत. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. पूर ओसरल्यावर गावभागातल्या भिंतींवर गाळाची जी रेघ राहिली, ती सरांनी घराघरांत जाऊन कागदावर उतरवून घेतली. त्याच गाळाचा रंग केला, गोंदात खलला आणि त्यात चित्रं केली. प्रत्येक चित्राची उंची त्या घरातल्या पाण्याच्या उंचीइतकी. काही चित्रं माणसाच्या डोक्याच्या वर जातात. ती टांगली तेव्हा लोक चित्राशेजारी उभं राहून स्वतःची उंची लावून बघत होते. एक बाई म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकघरात एवढंच होतं." कॉलेजच्या अहवालात या कामाबद्दल काय लिहिलंय? 'एकल चित्रप्रदर्शन, १.'

तेव्हा इथं लिहा. गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या दोन जिल्ह्यांतल्या कला-प्राध्यापकांनी काय केलं? व्यक्तीचं नाव परवानगी असेल तरच. कामाचं वर्णन मात्र भरपूर करा.

---

मिरजेची_जवारी

हरिपूरकर, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी मिरजेची, संगीत शिकवते, तासिका तत्त्वावर. माझ्याबद्दल नाही, माझ्या वरिष्ठ मॅडमच्या कामाबद्दल लिहिते.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या. मॅडमचं काम त्याच्या आधीपासून चाललेलं. त्या स्वतः गातात. गाताना त्यांना एक प्रश्न पडायचा: तंबोऱ्याची जवारी (घोडीचा माथा घासून तारेला झंकार आणायचं काम) एक कारागीर काढतो तेव्हा पंचम भरून येतो आणि दुसरा काढतो तेव्हा खर्ज गाजतो, तर हा फरक नेमका हाताच्या कुठल्या हालचालीतून येतो? कारागिराला विचारलं तर तो म्हणतो, "कानाला कळतं, मॅडम." मग त्या कारखान्यात जाऊन बसायला लागल्या. घोडीवर कानस कशी फिरते, दोरा कुठं सरकवला की स्वर उघडतो, भोपळा किती जाड ठेवलाय, हे सगळं बघून लिहून घेतलं. दर टप्प्यावर तोच तंबोरा, त्याच खोलीत, त्याच पट्टीत छेडून ध्वनिमुद्रण केलं.

भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. पण कोणत्या भोपळ्याचा तंबोरा बायकांच्या पट्टीला चांगला आणि कोणता पुरुषांच्या, हे कारागीर भोपळ्यावर टिचकी मारून सांगतो. मॅडमनी त्या टिचक्यासुद्धा मुद्रित केल्या आहेत.

याचा शेवट त्यांनी निबंधात केला नाही, मैफलीत केला. एकच राग, एकाच बैठकीत, तीन वेगवेगळ्या जवारीच्या तंबोऱ्यांवर. मधे थांबून त्या सांगायच्या की आता माझा गंधार कुठं लागतोय ऐका. समोर पहिल्या रांगेत कारागीर बसलेले. शिकलगार घराण्यांनी शस्त्रांना धार लावायचं काम सोडून वाद्यं करायला घेतली त्याला आता दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण मैफलीत आपल्या कानसेच्या कामाबद्दल कुणी बोलतंय हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं असेल.

ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं, त्या गावात ही मैफल ऐकायला माणसं कमी पडली नाहीत. विद्यापीठाच्या फॉर्मात ती कुठं लिहायची, एवढाच प्रश्न उरला. मॅडमनी रकाना रिकामा सोडला.

---

संगममाहुली

सातारकरांतर्फे हजेरी.

आमच्याकडे औंध आहे म्हणून आम्ही जरा ताठ मानेनं बोलतो. बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजे होते आणि चित्रकारही होते. त्यांनी १९३८ साली उभारलेल्या भवानी संग्रहालयात रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. खेड्यातल्या डोंगरावर हेन्री मूर! आमच्या सरांनी आम्हाला पहिल्या वर्षी तिथं नेलं तेव्हा त्या शिल्पासमोर पूर्ण दुपार बसवून ठेवलं होतं. फोटो काढायचा नाही, फक्त बघायचं आणि रेखाटायचं.

त्याच सरांचं अलीकडचं काम वाई-मेणवलीच्या भित्तिचित्रांवर आहे. नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या वाड्यातली चित्रं आणि वाईच्या मोतीबागेतली चित्रं बघायला बरेच जण जातात. सर तिथं तासन्‌तास बसून रेषेचा अभ्यास करतात. त्यांचा मुद्दा असा की पेशवाईतल्या चित्रकारानं भिंतीवर रेघ ओढताना मनगट कसं फिरवलं असेल, ते नुसतं बघून कळत नाही. हात तसा फिरवल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून त्यांनी घराच्या मागच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा करून घेतला, खनिज रंग स्वतः खलले आणि ओल्या व सुक्या अशा दोन्ही गिलाव्यांवर तीच आकृती पुन्हापुन्हा काढून पाहिली. ओल्यावर हात किती वेगानं चालवावा लागतो आणि सुक्यावर किती सवड मिळते, यावरून मूळ चित्रातला कुठला भाग घाईत झालाय आणि कुठला सावकाश, हे त्यांना ओळखता यायला लागलं.

हे मी विद्यार्थी म्हणून जवळून बघितलं. गिलावा कालवायला आम्हीच होतो. त्या एका पावसाळ्यात रंगाबद्दल जे शिकलो ते अभ्यासक्रमाच्या पुस्तकात नव्हतं.

---

वाळव्याचा_गडी

लय झ्याक धागा, दादा. पण तुमी समदं चित्र नि शास्त्रीय गाण्याचंच बोलाय लागलाय. तमाशाचं काय?

आमच्या वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्षला पठ्ठे बापूराव जन्मले, वाटेगावात अण्णाभाऊ. तिकडं कवलापूर म्हणजे तमाशाची पंढरीच. काळू-बाळूंचं नाव कुणाला म्हाईत नाही? तर आमच्याकडं नाटक शिकवणारे एक सर हायेत, ते गेली काही वर्षं कवलापूर नि आसपासच्या गावांत हिंडून वग, म्हंजी तमाशातली नाटकं, गोळा करत्यात. वग कागदावर नसतोय ओ. तो म्हाताऱ्या सोंगाड्याच्या तोंडात असतोय. अन् दर गावात येगळा. सर रातभर बसत्यात, म्हाताऱ्याला बोलतं करत्यात. म्हातारं एक वाक्य बोलतंय नि तिथंच हसत बसतंय, कारण पुढचं वाक्य समोरच्या गड्यानं टाकायचं असतंय आणि तो गडी मरून गेलेला. मग सर स्वतः समोरचा गडी हुत्यात. म्हातारं त्येंना दुरुस्त करतंय: "आसं न्हाई मास्तर, हितं थांबायचं. लोकास्नी हसू द्यायचं, मग म्होरं."

हे 'हितं थांबायचं' सरांनी वहीत लिवून ठेवलंय. कुठं किती थांबायचं त्येच्या खुणा केल्यात. मग पोरांकडनं एक वग बसवून घेतला नि गावच्या जत्रंत लावला. नाट्यगृहात न्हाई, जत्रंत. जुनी माणसं पुढं येऊन बसली. त्यातल्या एकानं मधीच उठून पोराला सांगितलं की तुजी टोपी उलटी हाय. पोरानं तिथंच टोपी फिरवली नि खेळ चालू.

माजा सवाल एवढाच: ह्या कामाला पगारात, बढतीत काय किंमत हाय का न्हाई?

---

नियमाप्रमाणे

वाळव्याच्या दादांनी विचारलंय म्हणून लिहितो. मी महाविद्यालयाच्या कार्यालयात स्थाननिश्चितीच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, फायली बघितल्या आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या हाताखालून गेलेला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनाचे गुण मोजायचा एक तक्ता आहे. शोधनिबंधाला विज्ञान-अभियांत्रिकीच्या गटात ८ आणि भाषा, मानव्यविद्या, कला या गटात १०. पुस्तक आंतरराष्ट्रीय प्रकाशकाचं असेल तर १२, राष्ट्रीय असेल तर १०. पूर्ण पुस्तकाच्या अनुवादाला ८. पीएच.डी.च्या मार्गदर्शनाला प्रत्येक मिळालेल्या पदवीमागे १०. पेटंट आंतरराष्ट्रीय १०, राष्ट्रीय ७. पुरस्कार-शिष्यवृत्ती आंतरराष्ट्रीय ७, राष्ट्रीय ५. याशिवाय प्रकल्प, सल्लागारी, निमंत्रित व्याख्यानं वगैरे.

एकल प्रदर्शन, नाट्यदिग्दर्शन, मैफल यांना त्या तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही. म्हणजे वर लिहिलेल्या कामांना तशीच्या तशी जागा मिळत नाही. त्यावर निबंध लिहिला तर निबंधाचे गुण, पुरस्कार मिळाला तर पुरस्काराचे.

पण त्याच नियमावलीची दुसरी बाजूही बघा. संगीत, प्रयोगकला, दृश्यकला या विषयांत सहायक प्राध्यापक नेमताना नेट-पीएच.डी.च्या वाटेशिवाय आणखी एक वाट ठेवलेली आहे. नामवंत गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनवर वरच्या श्रेणीचा, व्यवसायात उल्लेखनीय काम केलेला पदवीधर कलाकार त्या वाटेनं येऊ शकतो. आत घेताना कलाकार म्हणून घ्यायचं आणि आत आल्यावर त्याची कलाकृती मोजायची नाही, हा सांधा जुळत नाही. माझ्या मते मागणी इथं करायला हवी: ज्या कर्तृत्वावर नेमणूक देता, तेच कर्तृत्व पुढच्या टप्प्यालाही मोजा.

२०२२ पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय आली आहे. साधारण १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीच्या अटीशिवाय नेमता येतं, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि कमाल चार वर्षं. कवलापूरच्या एखाद्या ज्येष्ठ सोंगाड्याला किंवा मिरजेच्या कारागिराला वर्गात सन्मानानं आणायला ही वाट वापरता येईल. आपल्या भागातल्या संस्थांनी हे मनावर घ्यावं.

---

हळदीचा_बाजार

मी उपयोजित कला शिकवतो. आमच्या विषयाचं कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. आमच्यात प्रदर्शनापेक्षा प्रत्यक्ष धंद्यातलं काम मोठं असतं आणि ते लोकांच्या घरात जाऊन पोचतं, पण त्यावर नाव नसतं.

माझ्या एका सहकारी मॅडमनी तासगावकडच्या बेदाणा करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटासाठी वेष्टन तयार केलं. आधी त्या सौद्यात जाऊन उभ्या राहिल्या. बेदाणा हातात घेऊन व्यापारी काय बघतो? रंग, फुगीरपणा, देठ राहिलाय का. हे सगळं गिऱ्हाइकालाही दिसलं पाहिजे म्हणून पिशवीला खिडकी कुठं ठेवायची, किती मोठी, हे त्यांनी ठरवलं. उजेड जास्त लागला तर मालाचा रंग उतरतो, म्हणून खिडकी लहान आणि खालच्या अंगाला. अक्षरं मराठीत मोठी, आणि ती त्यांनी स्वतः रेखाटली. बाजारातले तयार फाँट छोट्या पिशवीवर बारीक छापले की वेलांट्या आणि रफार भरून जातात, एकमेकांत मिसळतात. मॅडमनी काने-मात्रांची जाडी कमी-जास्त करून, जोडाक्षरं थोडी मोकळी करून, स्वस्तातल्या छपाईतही वाचता येतील अशी अक्षरं केली.

'नियमाप्रमाणे' यांनी सल्लागारीचा उल्लेख केलाय. तक्त्यात तिला ३ गुण आहेत. आमच्या विषयातल्या प्राध्यापकांनी अशी कामं रीतसर महाविद्यालयामार्फत, पत्रव्यवहार करून घ्यावीत. तोंडी घेतलेलं काम कितीही चांगलं झालं तरी फायलीत दिसत नाही.

---

पालक_विश्रामबाग

थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

माझी मुलगी कलामहाविद्यालयात शिकते. सरांच्या प्रदर्शनाचं आम्हालाही कौतुक आहे, उद्घाटनाला आम्ही सहकुटुंब जातो. पण प्रदर्शन जवळ आलं की वर्ग होत नाहीत. मुली नुसत्या बसून असतात. मुंबईत गॅलरीची तारीख मिळायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागते, ती मिळाली की सोडवत नाही, हे समजतं. तरी फी आम्ही शिकवण्याची भरतो. शिक्षकाची कामगिरी मोजायची तर विद्यार्थ्याच्या हाती काय आलं, हेही त्यात धरा.

---

हरिपूरकर (धागाकर्ता)

ताई, राग कशाचा? तुमचा मुद्दा रास्त आहे आणि धाग्यात तो यायलाच हवा होता.

माझं मत असं: ज्या कामात विद्यार्थी कुठंच नाहीत ते कलाकाराचं काम म्हणून मोठं असेल, पण प्राध्यापकाचं काम म्हणून अपुरं आहे. वर आलेली उदाहरणं परत वाचा. मेणवलीच्या चित्रांच्या अभ्यासासाठी सरांच्या भिंतीचा गिलावा विद्यार्थ्यांनी कालवला. वग पोरांनी बसवला. तिथं वर्ग बुडाला नाही, वर्गच तिथं भरला. नोंद करताना आपण एक प्रश्न ठेवूया: या कामात विद्यार्थी कुठं होते आणि ते काय शिकले? उत्तर कोरं असेल तर कोरंच राहू द्या, वाचणाऱ्याला कळेल.

वर्ग बुडण्यामागं आणखी एक कारण आहे आणि ते शिक्षकाच्या हातात नाही. पदं भरलेली नाहीत. एका विभागात एकच पूर्णवेळ माणूस असेल तर तो आठवडाभर बाहेर गेल्यावर वर्ग कोण घेणार? चार माणसं असती तर एकाच्या प्रदर्शनानं शिकवणं थांबलं नसतं. मिरजेच्या ताई, तुम्हाला याचा अनुभव असेल.

---

मिरजेची_जवारी

आहे. तासिका तत्त्वावर असलेल्याला जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. माझी मैफल ठरली आणि मी दोन दिवस गेले तर ते दोन दिवस बिनपगारी. रियाजाला तर कुठलाच रकाना नाही. तरीही आम्ही गातो, कारण गाणं बंद झालं की शिकवणं आटतं. ज्या आठवड्यात माझा स्वतःचा रियाज नीट होतो, त्या आठवड्यात मला मुलींच्या गळ्यातली अडचण लगेच ऐकू येते. रियाज सुटला की मीही पुस्तकातलंच बोलायला लागते.

पालकताई, तुम्हाला हे सांगावंसं वाटलं, कारण तुमच्या मुलीच्या सरांचं चित्र काढणं थांबलं तर तिचंही नुकसान आहे. वर्ग आणि चित्र दोन्ही चालायला हवं, आणि त्यासाठी माणसं भरायला हवीत. ही मागणी पालकांनी केली तर तिला आमच्या मागणीपेक्षा जास्त वजन येईल.

---

पालक_विश्रामबाग

हे मला पटलं. आमच्या पालक सभेत मी विभागातल्या रिक्त पदांचा विषय मांडते. सभेच्या इतिवृत्तात तो लिहून घ्यायला लावीन.

---

खडू_फळा

मी शाळेत चित्रकला शिकवतो, ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) केलेला. प्राध्यापक नाही, तरी दोन शब्द.

आमच्याकडे मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला ७, ५, ३ असे वाढीव गुण मिळतात. बरेच पालक मुलाला चित्रकलेला घालतात ते त्यासाठी, आणि दहावी झाली की रंगपेटी बंद. ती उघडी राहायची असेल तर मुलाला मोठा चित्रकार काम करताना दिसला पाहिजे. म्हणून विद्यापीठा-महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना माझी विनंती: आपलं प्रदर्शन आधी गावात लावा. शाळेच्या व्हरांड्यातसुद्धा चालेल.

हरिपूरकरांनी लिहिलेली पुराची चित्रं माझ्या मुलांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी एका मुलानं घरून गाळाची पुडी आणली आणि विचारलं, "सर, याचा पण रंग होतो का?" वर्गात आम्ही तो गाळ वस्त्रगाळ केला, डिंक घातला. रंग झाला. काळपट करडा, थोडा हिरव्याकडे झुकणारा, आणि वाळल्यावर बराच फिका पडणारा. मुलांनी स्वतःच ठरवलं की दोन हात द्यावे लागतील.

---

संगममाहुली

खडू_फळा सर, फार आवडलं.

एक सूचना. पदवीच्या पातळीवर कलाशिक्षणाची रचना आता बदलतेय. मुंबईच्या जे. जे. कलासंस्थेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आमच्या साताऱ्यात रयतच्या महाविद्यालयांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय. नवी विद्यापीठं आपापले नियम, मंडळं, अहवालाचे नमुने तयार करत असतात. नमुना पक्का होण्याआधीच त्यात 'कलाकृती व प्रयोग' असा रकाना घालून घेणं सोपं असतं. एकदा छापला गेला की मग वर्षानुवर्षं तोच चालतो. जे कुणी अभ्यास मंडळावर असतील त्यांनी लक्ष घालावं.

---

नियमाप्रमाणे

सहमत. आणि त्या रकान्यात पुरावा काय जोडायचा हेही आधीच ठरवा, नाहीतर लेखापरीक्षणात अडकेल. निबंधाला पुनरावलोकन असतं, तसं कलाकृतीला काय? माझी सूचना अशी की विषयातल्या दोन बाहेरच्या जाणकारांनी प्रत्यक्ष काम पाहून किंवा ऐकून लेखी अभिप्राय द्यावा. प्राध्यापकानं स्वतः पाच-सहा पानांचं टिपण जोडावं: प्रश्न काय होता, कसं केलं, काय सापडलं. सोबत छायाचित्रं, ध्वनिमुद्रण, संहिता. नुसतं वर्तमानपत्राचं कात्रण आणि उद्घाटनाचा फोटो पुरावा म्हणून धरू नये. फोटोत पाहुणे दिसतात, चित्र दिसत नाही.

आयोगानं २०२५ च्या सुरुवातीला मान्यताप्राप्त नियतकालिकांची 'केअर' यादी बंद केली. आता कोणतं नियतकालिक दर्जेदार हे ठरवायची जबाबदारी संस्थांवर आली आहे. निबंधांसाठी संस्था स्वतःचे निकष बनवणारच आहेत, तर त्याच बैठकीत कलाकृतींचेही बनवून घ्यावेत. अशी संधी नेहमी येत नाही.

---

हळदीचा_बाजार

बाहेरच्या जाणकारांत एक जण त्या धंद्यातला असावा. वेष्टनाबद्दल बेदाण्याचा व्यापारी जे सांगेल ते दुसरा प्राध्यापक सांगू शकणार नाही. जवारीबद्दल कारागीर, वगाबद्दल तमासगीर.

---

वाळव्याचा_गडी

ह्ये बेस झालं. म्हाताऱ्या सोंगाड्यानं सही केल्याला कागद विद्यापीठात जाऊ द्या की एकदा.

---

हरिपूरकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतच्या चर्चेवरून नोंदीचा नमुना असा धरूया: काम काय, कुठं आणि कधी झालं, कोणता प्रश्न घेऊन केलं, कसं केलं, विद्यार्थी कुठं होते, आणि पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांपैकी एका जाणकाराचे दोन-चार शब्द. नाव हवं असेल तर त्या प्राध्यापकांची लेखी परवानगी. निवृत्त प्राध्यापकांचंही काम घ्यायचं, असं दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय. हो, जरूर घ्यायचं, काम अलीकडचं असलं म्हणजे झालं. तासिका तत्त्वावर असलेल्यांचं तर आधी घ्या.

पुराच्या चित्रांच्या सरांशी काल बोललो. त्यांनी परवानगी द्यायला वेळ मागितलाय, कारण ज्या घरांतून खुणा घेतल्या त्या घरच्यांना त्यांना आधी विचारायचं आहे. ते योग्यच आहे. तोवर बाकीच्या नोंदी येऊ द्या.

---

मिरजेची_जवारी

मॅडमची परवानगी मिळाली, पण त्यांची एक अट आहे. नोंदीत त्यांच्या नावाच्या आधी तिन्ही तंबोरे करणाऱ्यांची नावं यायला हवीत. त्या कारागिरांना विचारायला मी रविवारी जाते. मुद्रणातला दहा मिनिटांचा भागही द्यायला त्या तयार आहेत. फक्त तो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावून ऐका, नाहीतर जवारीतला फरक कळणार नाही.

---

वाळव्याचा_गडी

सरांची नोंद मी लिवतो. माजं लिवणं असंच ऱ्हाईल, चालंल का?

---

हरिपूरकर (धागाकर्ता)

चालेल. तसंच लिहा. आणि 'हितं थांबायचं'च्या खुणा असलेलं वहीचं एक पान मिळालं तर त्याचाही फोटो टाका.